वाटीच्या तळाला

भांडं धुवायच्या आधी ती ते खिडकीकडे तिरकं धरून आत बघायची. कुठलंही भांडं. चहाचा कपसुद्धा.

काही फेकायचं असलं की तीनदा विचारायची, हे कुणाचं? उत्तर आलं नाही तर ती वस्तू संध्याकाळपर्यंत खिडकीत तशीच राहायची. एकदा तिने कुणाचा तरी अर्धा बिस्किटाचा पुडा दोन दिवस सांभाळला. शेवटी मुंग्यांनी हक्क सांगितला तेव्हा सोडला.

दर दोन दिवसांनी नखं कापायची. बोटात अंगठी नाही. वाटी घेऊन चालताना दुसऱ्या हाताचा तळवा झाकणासारखा वर धरायची. अशा वेळी समोरून मोठे डॉक्टर आले तरी थांबायची नाही. डॉक्टरच भिंतीला चिकटून वाट द्यायचे.

नवजात बाळांना अहो-जाहो करायची. "अहो साहेब, उठा. डबा आलाय." मुलगी असली तर बाईसाहेब. मोठ्या माणसांना मात्र, तिच्यापेक्षा लहान सगळ्यांना, अगं-अरे.

प्रसूती रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावर ती बत्तीस वर्षं आया होती. सगळे तिला वाटीमावशी म्हणत. तिचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, आणि ते वाचलं की स्वतः मावशीच क्षणभर इकडेतिकडे बघायची.

तळमजल्यावर जन्मनोंदणीची खिडकी होती. तिथे बसणाऱ्या मुलीला नोकरी लागून अकरा महिने झाले होते. साहित्याची पदवी घेतलेली, चोवीस वर्षांची. मावशीने पहिल्याच दिवशी तिच्या टेबलावर कादंबरी बघितली आणि नाव ठेवलं, पुस्तक. "चार वर्षं कविता शिकलीस आणि आता विचारतेस, मुलगा की मुलगी," असं म्हणून ती पोट धरून हसली होती. मुलीला राग यायला हवा होता. आला नाही. रोज चार वाजता मावशी वरच्या मजल्यावरची कागदपत्रं घेऊन खाली यायची आणि दोघी नोंदणीच्या खोलीत चहा प्यायच्या.

मावशीचं काम मुलीला हळूहळू कळत गेलं. कागदावर तिचं काम झाडू, फरशी आणि भांडी एवढंच होतं. पण ज्या बाळंतिणीचं बाळ काचेच्या खोलीत ठेवलेलं असे, कमी दिवसांचं, अशक्त, अंगावरचं दूध ओढता न येणारं, तिच्या खाटेशी सिस्टर मावशीलाच पाठवत.

पहिल्या दोन-तीन दिवसांचं दूध दुधासारखं नसतं. पिवळं, घट्ट, चिकट. त्याला चीक म्हणतात. पांढरं, भरपूर दूध मागाहून येतं. चीक येतो थेंबांनी. बाळाचं पोटही तेव्हा गोटीएवढंच असतं, त्यामुळे तेवढं पुरतं. आणि त्यात रोगाशी झगडायची जी ताकद असते, ती नंतरच्या वाटीभर दुधातही तेवढी नसते. हे सगळं सिस्टर सांगत. मावशी एवढंच म्हणायची, "बाळाचा पहिला डबा आहे. चुकवायचा नाही."

रुग्णालयाने दूध काढायचं यंत्र आणलं होतं. मावशी त्याला पाहुणा म्हणायची. मागाहूनच्या भरपूर दुधासाठी पाहुणा चांगला, पण चिकाचे चार थेंब त्याच्या नळीला आणि बाटलीलाच चिकटून बसत. "पाहुण्याने आधी जेवायचं आणि मग बाळाने?" म्हणून पहिल्या दिवसांत ती बाळंतिणीला हातानेच काढायला शिकवायची. कोमट कापडाने शेक. बोटं कुठे ठेवायची, आधी मागे कशी दाबायची, मग जवळ कशी आणायची. घाई नाही. थेंब आला की उकळलेल्या छोट्या स्टीलच्या वाटीत. वाटीतून सिस्टर बारीक सिरिंजमध्ये ओढून घेणार आणि काचेच्या खोलीत बाळाच्या गालाच्या आत सोडणार. कधी अर्ध्या तासाला पाच थेंब. मावशी ते पाच थेंब लग्नातला दागिना न्यावा तसे घेऊन जायची.

त्या सोमवारी खिडकीशी एक बाई आल्या. पन्नाशी ओलांडलेल्या. डाव्या भुवईच्या मधोमध जुनी खूण, त्यामुळे भुवई दोन तुकड्यांत. बरोबर दिवस भरत आलेली मुलगी. तिला तीन आठवडे आधीच कळा सुरू झाल्या होत्या. मुलगी बाकावर बसून श्वास मोजत होती आणि आई तिच्या वतीने उत्तरं देत होती. नोंदणीवालीने वय विचारलं, पत्ता विचारला, घरात काही आजार आहे का विचारलं.

बाई म्हणाल्या, आजार नाही. पण एक लिहून ठेवा. आमच्यात दूध येत नाही. माझं पहिलं बाळ त्यापायीच गेलं. इथेच, याच दवाखान्यात. ही दुसरी, हिला मी डब्याच्या पावडरीवर वाढवली. हिचंही तसंच होणार, म्हणून डबा बरोबर आणलाय. त्यांनी पिशवी उघडून डबा दाखवला.

त्याच वेळी मावशी कागदांचा गठ्ठा घेऊन जिन्यावरून उतरत होती. शेवटच्या पायरीवर ती थांबली. गठ्ठा हातातून सुटला. कागद बाकापर्यंत पसरले. बाई वाकून चार कागद उचलायला लागल्या. मावशी त्यांच्या भुवईकडे बघत होती.

"राहू दे," मावशी म्हणाली. "मी उचलते."

त्या दिवशी चार वाजता चहा गार झाला. मावशीने सांगितलं ते तुकड्यातुकड्यांत, मधे थांबत, मधेच वेगळंच काहीतरी बोलत. मुलीने ते नंतर मनात जोडून घेतलं.

बत्तीस वर्षांपूर्वी मावशी चोवीस वर्षांची होती. नोकरीला लागून बारा दिवस झाले होते. घरी नवरा बेकार आणि पोरगा दीड वर्षाचा. दुपारी तीनला तपासणी होती. खाटेखाटेवरून भांडी गोळा करून घासायची होती. कोपऱ्यातल्या खाटेवर एक तरुण बाई तापाने झोपली होती, फुटक्या भुवईची. तिचं बाळ काचेच्या खोलीत होतं. उशाशी स्टुलावर एक वाटी. वाटीच्या तळाला पिवळा डाग.

मावशीला तो डागच वाटला. तिला वेगळं कुणी शिकवलं नव्हतं. तिच्या स्वतःच्या बाळंतपणात सासूने पहिले तीन दिवस पिळून टाकायला लावलं होतं, घाण दूध म्हणून. पिवळं म्हणजे घाण, एवढंच तिला माहीत होतं.

"चिकट होतं," मावशी म्हणाली. "निघेना. मग मी जोर लावून घासली."

तपासणीला आलेल्या मोठ्या सिस्टर म्हणाल्या होत्या, नवी मुलगी कामसू दिसते.

बाई जागी झाली. वाटी शोधली. विचारलं, यातलं कुठे गेलं? त्या पाळीवरच्या सिस्टरला काही ठाऊक नव्हतं. तिने स्वच्छ वाटी बघितली, बाईच्या कपाळाला हात लावला आणि समजावलं, तापात असं वाटतं कधी, काही आलं नसेल, पुन्हा बघू. आणि हेही सांगितलं की पिवळं दिसलं तर सांभाळून ठेव, तेच हवंय. मावशी शेजारच्या खाटेपाशी झाडू धरून उभी होती. तिने सगळं ऐकलं. तेव्हा तिला कळलं, तिने काय धुतलं ते.

ती बोलली नाही. नोकरी अजून कच्ची होती.

बाईने पुन्हा प्रयत्न केला. ताप, रडणं, भीती. आलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने प्रयत्नही केला नाही. चौथ्या दिवशी बाळ गेलं.

"डॉक्टर म्हणाले, फुप्फुसंच तयार नव्हती," मावशी म्हणाली. "तेवढ्याने वाचलं नसतं. मला कळतं गं. इतकी वर्षं इथेच आहे मी." तिने कप खिडकीकडे धरला आणि आत बघितलं. "पण ते त्याचं होतं, पुस्तक. तेवढंच काय ते त्याचं होतं."

मुलीने स्वतःचा गार कप बाजूला सारला.

मग मावशी मनात खरं काय सलत होतं ते बोलली. तिला वाटायचं, त्या बाईला कळलं असेल की वाटी कुणीतरी धुतली. शिव्याशाप दिले असतील, दोन वर्षं, पाच वर्षं, मग विसरली असेल. हे तिला सोसवत होतं. पण बाई स्वतःलाच दोष देत बसली होती. आणि आता तोच दोष पोरीच्या गळ्यात बांधून, डबा घेऊन आली होती.

"तिला सांगायला हवं," मुलगी म्हणाली.

"हो," मावशी म्हणाली. "आधी तिच्या नातवंडाचा डबा बघू."

मंगळवारी सकाळी मुलगी झाली. एक किलो नऊशे. काचेच्या खोलीत ठेवली. झोपाळू होती, अंगावर ओढेना. डॉक्टरांनी सांगितलं, आईचं जे मिळेल ते आधी द्या, कमी पडलं तर मग बघू. दुपारी नोंदणीवाली सही घ्यायला वर गेली तेव्हा मावशी बाळंतिणीच्या खाटेशी बसली होती. खाटेवर नाही, स्टुलावर. रुग्णाच्या खाटेवर ती कधीच टेकत नसे.

वाटी रिकामी होती. पंधरा मिनिटं झाली होती. बाळंतीण म्हणत होती की राहू द्या, आई सांगतच होती. बाई खिडकीजवळ उभ्या. पिशवीच्या बंदावर त्यांची बोटं चालू होती. मी म्हटलं नव्हतं का, असं त्या पुटपुटल्या. जिंकल्यासारखं नाही. मार खाल्ल्यासारखं.

मावशीने मान वर केली नाही. "अगं, खांदे खाली घे," ती बाळंतिणीला म्हणाली. "परीक्षेला बसलीयेस का? बाईसाहेब वाट बघतायत, पण त्यांना गाडी गाठायची नाहीये. हं. आधी मागे. आता जवळ. घट्ट नाही, कणीक मळत नाहीयेस."

बाळंतिणीला हसू आलं. हसता हसता थेंब आला.

एक. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरा, पहिल्याला चिकटला. अर्ध्या तासात वाटीच्या तळाला बोटाच्या पेराएवढा पिवळा डाग झाला. मावशी उठली आणि वाटी खिडकीकडे तिरकी धरली. बाईंना जवळ बोलावलं.

"हे बघ. आलं तुझ्या पोरीला."

बाई बघत राहिल्या. म्हणाल्या, "हे दूध?"

"हेच."

"डाग पडल्यासारखं दिसतंय."

"हो," मावशी म्हणाली. "नवीन माणसाला डागच वाटतो."

नोंदणीवाली दारात सहीचा कागद धरून उभी होती. तिला वाटलं, आता. मावशीचे ओठ हलले. तेवढ्यात बाईच बोलल्या, हळू, स्वतःशी बोलावं तसं. "माझ्या वाटीत असंच काहीतरी होतं. मला वाटलं, तापात भास झाला."

मावशीचा तळवा वाटीवर गेला.

"हे वाळेल," ती म्हणाली. "देऊन येते." आणि ती चालायला लागली. काचेच्या खोलीपर्यंत वीस पावलं. तिथे सिस्टरनी चीक सिरिंजमध्ये ओढला आणि बाळाच्या गालात थेंब थेंब सोडला. बाळाने झोपेतच तोंड हलवलं. सिस्टर हसल्या. मावशीने काचेला कपाळ टेकलं होतं.

संध्याकाळपर्यंत तिने असं तीनदा केलं. पिशवीतला डबा उघडला गेला नाही.

बुधवारी मावशी चारऐवजी तीनलाच खाली आली. दार लोटलं आणि म्हणाली, कागद घे. तोंडाने नाही जमायचं. काल जमलं नाही, म्हणजे आता जमणार नाही. तू लिही, मी सांगते. त्या बाईला वाचायला येतं, फॉर्म वाचत होती. मावशीला स्वतःची सही आणि खाटांचे आकडे एवढंच लिहिता येत होतं.

मुलीने कोरा कागद घेतला. वर तारीख घातली. विचारलं, सुरुवात कशी करायची, आदरणीय?

"आमंत्रण देतेय का मी?"

"मग प्रिय?"

"डोकं फिरलंय तुझं. मी तिची कोण, प्रिय म्हणायला?"

यावर दहा मिनिटं गेली. बाई म्हणावं तर परकं वाटत होतं. आई म्हणावं तर त्या वयाने लहान. शेवटी ताई ठरलं. ताईही वयाने बसत नव्हतं, पण मावशी म्हणाली, वयाने नाही, मानाने.

मग पहिलं वाक्य. मुलीला वाटलं, मावशी कबुलीपासून सुरुवात करेल. तिने मनात वाक्य तयारही केलं होतं, चांगलं, तोललेलं. मावशीने ते ऐकलं आणि मान हलवली. "माझं नंतर. आधी तिचं लिही. तिला ज्याची गरज आहे ते आधी." आणि तिने सांगायला सुरुवात केली. एक वाक्य, मग बराच वेळ काही नाही. मग दुसरं. मुलगी लिहीत गेली.

चार-पाच ओळी झाल्या असतील. मावशी टेबलाची कड धरून बसली होती. तिला घाम आला होता. मुलीने पंखा वाढवला. बरं नाही वाटत का, असं विचारलं. मावशी म्हणाली, बत्तीस वर्षांचं बाहेर येतंय, घाम नको का यायला?

मग तिने पुढचं वाक्य सुरू केलं आणि वरून घंटी वाजली. दुसऱ्या मजल्याची, कोपऱ्यातल्या खाटेची. बाळंतिणीची वाटी तयार होती.

"थांब," मावशी उठत म्हणाली. "तेवढी वाटी पोचवून येते. कागद हलवू नकोस."

वाटी तिने पोचवली. सिस्टर सांगतात, तळवा वर धरूनच आली, रोजच्यासारखी, फक्त सावकाश. सिरिंज भरून झाल्यावर रिकामी वाटी घेऊन ती धुवायच्या कट्ट्याशी गेली. खिडकीकडे धरून आत बघितलं. कट्ट्यावर नीट ठेवली. मग ती खाली बसली, भिंतीला टेकून, आणि तशीच राहिली. तीन डॉक्टर हाकेच्या अंतरावर होते. तिघेही धावत आले. उपयोग झाला नाही.

खाली मुलगी कागद न हलवता बसली होती. चार वाजता तिने दोन कप चहा आणून ठेवला होता.

मावशीचा मुलगा दुसऱ्या शहरात बस चालवायचा. तो आला, रीत पार पाडली, तिच्या कपाटातली पिशवी घेऊन गेला. जाताना त्याने मुलीला विचारलं, आई इथे नक्की काय काम करायची? मुलगी सांगायला लागली आणि वाटी या शब्दापाशीच अडली. तो म्हणाला, राहू दे ताई, सगळे वाटी वाटी म्हणतायत, कळेल हळूहळू.

शुक्रवारी बाई जन्माचा दाखला घ्यायला खिडकीशी आल्या. चेहरा उतरलेला, पण पाठ ताठ. बाळ अंगावर ओढायला लागलं होतं. पोरीचं दूध आता पांढरं आणि भरपूर झालं होतं. डबा तसाच होता, तो परत करता येईल का, असं त्यांनी दुकानदाराला विचारलं होतं. त्याने नाही म्हटलं. सांगताना त्या जरा हसल्या. मग म्हणाल्या, त्या मावशींचे आभार मानायचे राहिले. माणूस असं मधेच जातं. काय बोलायचं होतं, काय राहिलं.

मुलीने दाखल्यावर शिक्का मारला. खण उघडला. कागद तिथेच होता.

दोन दिवस तो तिथे होता आणि दोन दिवस पेन तिच्या हातात होतं. राहिलेलं वाक्य तिला माहीत होतं. तिला ते नीट लिहिता आलं असतं. मावशीच्या सांगण्यासारखंच, तुटक, सोपं. ओळ अर्धी होती, पुढे भरपूर जागा होती. तिने पेन टेकवलं नव्हतं. ते वाक्य मावशीचं होतं. आणि वरच्या ओळी बाईंच्या होत्या, त्या खणात ठेवायचा हक्क तिला नव्हता.

तिने कागद खिडकीतून पुढे सरकवला. म्हणाली, मावशींनी तुमच्यासाठी सांगितलं होतं. मी फक्त लिहिलं.

बाईंनी चष्मा लावला.

ताई,
तुम्हाला दूध आलं होतं. पिवळं होतं, घट्ट होतं. वाटीच्या तळाला, बोटाच्या पेराएवढं. भास नव्हता. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. तुमच्यात दूध येतं. त्या दिवशी दुपारी मी

बाईंनी कागद उलटा केला. मागे कोरा होता. पुन्हा सुलटा केला.

"पुढे?" त्यांनी विचारलं.

"पुढचं राहिलं," मुलगी म्हणाली. "घंटी वाजली म्हणून त्या वर गेल्या."

रांगेतला माणूस मागून खाकरला. बाई हलल्या नाहीत. त्यांचं बोट शेवटच्या शब्दावर थोडा वेळ थांबलं, मग सावकाश वर गेलं, पहिल्या ओळीवर.